गृहपाठातलं 'गृह' : सार्वजनिक शाळांमधल्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



आत येताना दारातच एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, "गृहपाठावर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. गृहपाठ आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याला काही इतिहास असेल असं वाटतच नाही. शाळा आहे म्हणजे गृहपाठ आहे, जसा पाऊस आहे म्हणजे चिखल आहे. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं आणि त्या विषयानं एक खोड लावली. जे सगळ्यांना उघड वाटतं, तिथंच थोडं थांबून विचारायचं की हे असंच का आहे, आणि कधीपासून आहे. आज आपण तेवढंच करणार आहोत.

सुरुवात आजच्या नियमांपासून करू. २०२० साली केंद्र सरकारनं शालेय दप्तराविषयीचं धोरण जाहीर केलं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, हे त्यातलं कलम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच धोरणात गृहपाठाचीही मापं आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी दिवसाला एक तास, म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास. नववी ते बारावी दिवसाला दोन तास. त्याआधी २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयानं पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला होता. हे सगळं चांगलंच आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही.

पण आता थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलं आहे. आठवड्याला पाच तास गृहपाठ धरला आणि चव्वेचाळीस आठवडे शाळा धरली, तर २२० तास होतात. म्हणजे शाळेतल्या तासांच्या एक पंचमांशाहून जास्त अभ्यास शाळेबाहेर होतो. शाळेची इमारत कशी असावी हे त्याच परिशिष्टात आहे. बारमाही टिकणारी इमारत हवी, प्यायचं पाणी हवं, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत, प्रत्येक शिक्षकामागं किमान एक वर्गखोली हवी. पण हे २२० तास ज्या जागेत जायचे, त्या जागेबद्दल एक अक्षर नाही. तिथं दिवा आहे का, बसायला कोपरा आहे का, अडलं तर सांगणारं कुणी आहे का, हे विचारलेलंच नाही. आपण गृहपाठातला पाठ मोजला आणि गृह मोजायचं राहून गेलं. आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे ते एवढंच. आता हे राहून कसं गेलं, ते पाहू.

आपल्याकडं जुन्या पंतोजींच्या शाळेत लेखी गृहपाठ असण्याचा प्रश्न नव्हता. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं आणि पुसायचं. घरी काय नेणार? पण घरी एक गोष्ट होती, परवचा. तिन्हीसांजेला दिवा लागला की शुभंकरोती व्हायची आणि मग पाढे. नुसते बे एके बे नव्हेत; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आजोबा माळ ओढता ओढता ऐकायचे आणि चुकलं की तिथून पुन्हा म्हणायला लावायचे. या सभागृहात परवचा म्हटलेली माणसं अजून असतील. आम्हीही म्हटलेली आहे. परवच्याबद्दल बोलताना आमच्या पिढीचा गळा दाटून येतो, तेही समजू शकतो. पण परवचा व्हायला काय काय लागायचं? तिन्हीसांजेला घरी असलेलं मूल, तेलाचा दिवा आणि सवायकी येणारा एक म्हातारा माणूस. या तिन्ही गोष्टी ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या होत्या, ती घरं गावात किती होती आणि कोणाची होती, हे वेगळं सांगायला नको. परवचा ही त्या घरांची मिरास होती. शाळेनं ती दिलेली नव्हती.

आता १८८२ साल घ्या. हंटर आयोग आला आणि महात्मा फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी आपण नेहमी सांगतो. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली होती, ती जरा मागं पडली. शेतकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत? तर दारिद्र्य, आणि गुरं राखायला व शेताकडं बघायला घरी ती लागतात. म्हणून नुसत्या शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, असं ते सांगत होते. म्हणजे फुल्यांनी शाळेचा विचार घरापासून सुरू केला. मुलाचं घर कसं आहे, त्याचा दिवस कसा जातो, हे आधी, अभ्यासक्रम नंतर.

योगायोग पाहा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, इंग्लंडमध्ये एक खटला झाला, हंटर विरुद्ध जॉन्सन. हा हंटर वेगळा, आयोगवाला नव्हे. एका सार्वजनिक बोर्ड शाळेतल्या शिक्षकानं घरचा अभ्यास न केल्याबद्दल मुलाला शाळा सुटल्यावर डांबून ठेवलं. प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयानं म्हटलं की शिक्षणाच्या कायद्यांनी शाळेला घरी अभ्यास लावण्याचा अधिकारच दिलेला नाही. मग तो केला नाही म्हणून मुलाला अडकवून ठेवणं बेकायदेशीर आहे.

हा खटला तेव्हाच का उभा राहिला, त्याला कारण आहे. इंग्लंडमध्ये १८८० साली शाळेतली हजेरी सक्तीची झाली. कामगारांची मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं वर्गात आली. त्याच काळात 'निकालावर अनुदान' ही पद्धत चालू होती. ती १८६२ पासूनची. तपासनीस यायचा, वाचन, लेखन, अंकगणितात मुलं तपासायचा आणि त्या निकालावर शाळेचं अनुदान ठरायचं. ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांतही आली होती. आता मास्तरच्या बाजूनं विचार करा. वर्गात पोरं दाटलेली, तपासनीस यायचा आहे, निकाल लागला नाही तर पैसे कापले जाणार. उरलेलं काम तो कुठं ढकलणार? घरी. १८८४ मध्येच डॉ. क्रिक्टन-ब्राउन यांनी लंडनच्या शाळांतल्या मुलांवर पडणाऱ्या अतिताणाबद्दल अहवाल दिला. डोकेदुखी, झोप न लागणं, असल्या तक्रारी त्यात होत्या. म्हणजे आज आपण ज्याला गृहपाठाचा जाच म्हणतो, त्याचं एक मूळ मास्तरच्या कडकपणात नव्हतं, अनुदानाच्या हिशेबात होतं. शाळेला जे जमलं नाही त्याचं बिल घराच्या नावावर फाडलं गेलं.

इथं आम्हाला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९६० च्या आसपासची. आमच्या वर्गात एक मुलगा होता. शाळा सुटली की तो दुसऱ्याच्या म्हशी घेऊन रानात जायचा, दिवस मावळल्यावर परत यायचा. घरात एक चिमणी, ती चुलीपाशी. 'घरचा अभ्यास' (गृहपाठ हा शब्द तेव्हा गावात कोणी वापरत नसे) त्याचा कधीच झालेला नसायचा. रोज सकाळी तो उभा राहायचा. मास्तर काही दुष्ट नव्हते, नियमाप्रमाणं वागत होते. पुढं पुढं तर मास्तरांनी सांगायच्या आधीच तो उठून उभा राहायला लागला, आणि आम्ही हसायचो. सगळा वर्ग हसायचा. आम्ही परवचा म्हणून, पोटभर जेवून आलेली पोरं. पाचवीत तो यायचा बंद झाला. 'अभ्यासात मन नव्हतं,' असं सगळे म्हणाले. आम्हीही तेच म्हणालो. बाजारात दोन म्हशींच्या दुधाचा हिशेब तो आमच्यापेक्षा चटकन करायचा, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी आठवलं. पुस्तकात हंटर विरुद्ध जॉन्सन वाचलं तेव्हा आम्ही पन्नाशी ओलांडली होती, आणि पहिल्यांदा तो आठवला. आमच्या वर्गात न्यायालय नव्हतं.

आता जरा बाहेरच्या जगात काय चाललं होतं ते थोडक्यात पाहू, कारण त्यातून आपल्याला एक फरक कळतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गृहपाठाविरुद्ध मोठी चळवळ झाली. कॅलिफोर्नियानं १९०१ साली पंधरा वर्षांखालच्या मुलांना घरचा अभ्यास देण्यावर कायद्यानं बंदी घातली. १९१७ साली तो कायदा रद्द झाला. पुढं १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, तसा अमेरिकेला घाम फुटला आणि गृहपाठ देशभक्तीचा विषय झाला. १९८३ च्या गाजलेल्या राष्ट्रीय अहवालात पुन्हा गृहपाठ वाढवा असंच सांगितलं. म्हणजे लंबक. मुलांचं आरोग्य आठवलं की गृहपाठ कमी, शत्रू आठवला की गृहपाठ जास्त. पण शतकाच्या सुरुवातीला गृहपाठाविरुद्ध सर्वात मोठ्यानं कोण बोलत होतं? गृहिणींसाठी निघणारी मासिकं आणि त्यांचे वाचक. ज्या घरांना निवांत संध्याकाळ होती, त्या घरांची ती संध्याकाळ शाळा हिरावून घेते, अशी ती तक्रार होती. तक्रार खरी होती. पण ज्या घरात संध्याकाळच नाही, त्या घराचा आवाज त्यात नव्हता.

फ्रान्सनं १९५६ साली प्राथमिक शाळेतल्या मुलांना घरी लेखी अभ्यास देणं बंद केलं. कागदावर बंद झालं, व्यवहारात चालूच राहिलं. तोच हुकूम सरकारला पुन्हा पुन्हा काढावा लागला. अखेर २०१७ मध्ये त्यांनी माध्यमिकच्या पहिल्या टप्प्यातल्या मुलांसाठी वेगळा मार्ग धरला. अभ्यास द्या, पण तो शाळेतच, मोठ्यांच्या मदतीनं पूर्ण करून घ्या. हे लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी उपयोगी पडणार आहे. चीननं २०२१ मध्ये पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ बंद केला आणि वरच्या वर्गांना मिनिटं ठरवून दिली. पोलंडनं २०२४ मध्ये पहिली ते तिसरी सक्तीचा गृहपाठ काढून टाकला. बंदी किंवा मिनिटं, बहुतेकांची धाव इथवर.

आपल्याकडं मात्र याच काळात एक निराळी परंपरा तयार झाली, आणि तिला आपण कधी गृहपाठाचा इतिहास म्हणून पाहिलंच नाही.

डॉ. आंबेडकरांचं विद्यार्थिपण आठवा. परळच्या चाळीतली एक खोली, तिथंच संसार, तिथंच झोपणं. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवलं आहे की वडील मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमाराला त्याला अभ्यासाला उठवायचे, कारण तेव्हाच खोलीत शांतता असायची. आणि दिवसा? शाळा सुटली की हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथंच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिलं, ओळख करून घेतली, पुस्तकं दिली, पुढं त्याच्या शिक्षणासाठी शब्द टाकला. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. ती आहेच. पण तिच्यात आणखी एक विधान आहे: अभ्यासाला घर पुरत नव्हतं म्हणून बाग लागली, आणि बागेत एक शिक्षक भेटला. प्रत्येक मुलाला रात्री दोनपर्यंत जागणारा बाप आणि बागेतला केळुसकर मिळत नाही. धोरण आखायचं असतं ते न मिळणाऱ्यांसाठी.

शाहू महाराजांना हे कळलं होतं. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ठरवलं, हे आपण जाणतोच. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, ते कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करत होते. नुसती फी माफ केली असती तर खेड्यातलं पोर कोल्हापुरात राहिलं कुठं असतं, वाचलं कुठं असतं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र स्वयंपाक करणार, एका दिव्याखाली वाचणार. १९२७ मध्ये गांधीजी तिथं येऊन गेले. वसतिगृह म्हणजे काय, याचा नीट विचार करा. शाळेनं घराकडं पाठ पाठवायच्या ऐवजी मुलाला घरच दिलं.

तिसरं उदाहरण कोसबाडचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी तिथं काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं जिथं चरतात तिथं शिक्षक जायचे. फुल्यांनी १८८२ साली मांडलेल्या अडचणीला हे थेट उत्तर होतं. आमच्या त्या वर्गमित्राला अशी कुरणशाळा मिळाली असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. उभं राहावं लागलं नसतं, एवढं नक्की. आणि गावोगावच्या, वस्त्यांमधल्या अभ्यासिका? समाजमंदिराच्या एका खोलीत ट्यूबलाइट लावून रात्री अकरापर्यंत मुलं वाचत बसतात. त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, पण महाराष्ट्राची कितीतरी पहिली पदवीधर पिढी तिथून निघाली, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग ही परंपरा असताना धोरण मिनिटांवर आणि किलोंवर कसं आलं? १९८९ साली आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या दप्तराचा प्रश्न मांडला. त्यातून पुढं १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. अहवालाचा गाभा असा होता की दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक आहे. गृहपाठाबद्दल समितीनं म्हटलं की प्राथमिक वर्गांना तो नको, घरच्या परिसराचा शोध घेण्याचं काम असेल तर तेवढंच. यात एक दिशा होती, घराकडून शाळेकडं येण्याची. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून नई तालीम हेच सांगत होती. पण न समजण्याचं ओझं काट्यावर घालता येत नाही, दप्तर घालता येतं. जे मोजता येतं त्याचं परिपत्रक निघतं. समिती समजण्याबद्दल बोलली आणि आपण तराजू आणला.

आता दुसरी बाजू, कारण ती न मांडता थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारा. ते सांगतील, "सर, गृहपाठ दिला नाही तर पालकच येऊन भांडतात." आणि हे पालक धुणीभांडी करणारे, रिक्षा चालवणारे. त्यांचं म्हणणं चूक नाही. आत वर्गात काय चालतं ते त्यांना दिसत नाही, वही दिसते. वहीवरची लाल सही हीच त्यांच्यासाठी शाळेची पावती. शेजारच्या इंग्रजी शाळेतलं पोर रात्री नऊपर्यंत लिहीत बसतं आणि आपलं खेळतं, हे त्या आईला बघवत नाही. सरकारी शाळेनं गृहपाठ बंद केला तर ती आई शिकवणी लावते. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतात पहिली ते आठवीतली पैसे देऊन शिकवणीला जाणारी मुलं २०१८ मध्ये २६.४ टक्के होती, २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाली. म्हणजे गरिबाच्या शाळेतला गृहपाठ नुसता काढून टाकणं हा गरिबावर उपकार नाही. शिवाय सराव लागतोच. पाढे, वाचन, अक्षर ही हातातोंडाला लावून घ्यायची कामं आहेत.

पण सराव लागतो यावरून तो घरीच लागतो, असं निघत नाही. तर्कातली ही उडी आपण शंभर-दीडशे वर्षं मारत आलो. 'पिसा'च्या २०१२ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये सुस्थितीतल्या घरची मुलं आठवड्याला सरासरी ५.७ तास गृहपाठ करत होती आणि अडचणीतल्या घरची ४.१ तास. ही भारताची आकडेवारी नव्हे, तुलनेनं सधन देशांची आहे. तिथंसुद्धा घर आपला हिस्सा मागतं. शाळेनं जे अंतर कमी करायचं, ते गृहपाठ रोज संध्याकाळी थोडं थोडं वाढवतो. आपल्याकडं तर आता 'प्रकल्प' आहेत. चार्ट पेपर, रंगीत प्रिंट, थर्माकोल. त्यात गुण कोणाला मिळतात, मुलाला की त्याच्या आईबापाच्या सवडीला आणि खिशाला, हे शिक्षकांनाही ठाऊक असतं.

मग करायचं काय? आम्ही काही प्रशासक नाही, पण इतिहासातून चार गोष्टी हाती लागतात, त्या मांडतो.

पहिली, कसोटी बदला. किती मिनिटं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की आपल्या वर्गातल्या सर्वांत अडचणीच्या घरातलं मूल हे काम एकट्यानं, फुकट आणि कमी उजेडात करू शकेल का? नसेल, तर ते काम घरचं नाही, शाळेचं आहे.

दुसरी, शाळेचं काम शाळेत. शेवटची एक तासिका सरावाची ठेवा, आणि जिथं जमेल तिथं शाळा सुटल्यावर दोन तास एक खोली उघडी ठेवा. दिवा, चटई आणि लक्ष द्यायला एक माणूस. शाहू-कर्मवीरांनी वसतिगृहं उभी केली, आपल्याला एक खोली उघडी ठेवायची आहे. याला पैसे लागतील, आणि ते काम पुन्हा त्याच शिक्षकाच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. जनगणना आणि निवडणुका आधीच त्याच्याकडं आहेत.

तिसरी, घराकडून शाळेकडं या. आईला विचारून या की भाकरीला पीठ किती लागतं, आजीला विचारा की दुष्काळात काय खायचे. या गृहपाठात निरक्षर आजी परीक्षक होते. तिथं गरीब घर कमी पडत नाही, उलट पुष्कळदा जास्त देतं.

चौथी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. न झालेला गृहपाठ हा गुन्हा मानू नका, ती माहिती माना. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं बंदी आहे, पण रोज सकाळी वर्गात उभं राहणं अजून बंद झालेलं नाही. वही कोरी असेल तर त्या घराबद्दल ती काहीतरी सांगत असते. ते वाचायला शिक्षकाला सवड द्या.

आमच्या त्या वर्गमित्राची कोरी वही कोणी वाचली नाही. मास्तरांनी नाही, तपासनीसांनी नाही, आणि शेजारी बसलेल्या आम्हीही नाही. या सभागृहात शिक्षक बरेच आहेत असं दिसतं. उद्या सकाळी तुमच्या वर्गात कोणीतरी सांगायच्या आधीच उठून उभं राहील. त्याला आधी खाली बसवा, आणि मग मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारा की काल संध्याकाळी तू कुठं होतास. धोरणाचा फेरविचार तिथूनही सुरू होऊ शकतो.